ग्रँट रोडची नाटक कंपनी मंडालेला कशी पोचली

१८८१ साली मुंबईची एक नाटक कंपनी ब्रह्मदेशात मंडालेला गेली आणि तिथल्या राजापुढे खेळ करून आली. राजा होता थिबा. चारच वर्षांनी इंग्रजांनी त्याला गादीवरून उतरवलं, हद्दपार केलं आणि रत्नागिरीत आणून ठेवलं. १९१६ साली तो तिथेच वारला. रत्नागिरीचा थिबा पॅलेस बघून येणाऱ्यांना राजाच्या कैदेची गोष्ट ठाऊक असते. राज्यावर असताना त्याने मुंबईहून नाटकवाले बोलावून घेतले होते, हा भाग मात्र त्या गोष्टीत सहसा येत नाही.

ही कंपनी म्हणजे व्हिक्टोरिया नाटक मंडळी. मालक आणि मुख्य नट खुरशेदजी मेहरवानजी बालीवाला. मंडालेच्या आधी त्यांनी रंगून आणि सिंगापूर केलं होतं, आणि १८८५ मध्ये ते थेट लंडनला जाऊन धडकले. पाठीशी सरकारी अनुदान नाही, कुठल्या महोत्सवाचं आमंत्रण नाही. पडद्यांच्या गुंडाळ्या, कपड्यांच्या पेट्या, वाद्यं, नट, वादक, सुतार, शिंपी, आचारी असा सगळा बारदाना बोटीवर चढवायचा आणि परक्या गावी तिकीटबारी उघडून बसायचं. त्यांना हे का करावंसं वाटलं, जमलं कसं, आणि ते परत फिरल्यावर त्या त्या गावात काय उरलं, हे इथे सांगायचं आहे. शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचं उत्तर मलायातल्या (आजच्या मलेशियातल्या) पेनांगपासून पुण्यापर्यंत पसरलेलं आहे.

सुरुवात मुंबईतून करू. आज ग्रँट रोड म्हणजे भरवस्ती. १८४६ मध्ये नाना शंकरशेट यांच्या जागेवर तिथे नाट्यगृह उभं राहिलं तेव्हा तो भाग गावाबाहेरचा होता. कोटात, म्हणजे आजच्या फोर्ट भागात, राहणाऱ्या साहेबांना इंग्रजी नाटकासाठी एवढ्या लांब येणं जिवावर यायचं, त्यामुळे नाट्यगृह चालेना. मग ते देशी नाटकवाल्यांना मिळू लागलं. १८५३ साली सांगलीहून विष्णुदास भाव्यांची मंडळी मुंबईत आली आणि तिने इथे तिकीट लावून खेळ केले. त्याच वर्षी ऑक्टोबरात पारशी नाटक मंडळीने याच रंगमंचावर रुस्तम आणि सोहराबची गोष्ट उभी केली. मराठी आणि पारशी या दोन रंगभूमी मुंबईत एकाच वर्षी, एकाच छपराखाली धंद्याला लागल्या.

‘पारशी रंगभूमी’ या नावाने थोडी फसगत होते, तेव्हा तेवढं मोकळं करून घेऊ. पैसा पारशांचा, मालक बहुतेक पारशी, आणि सुरुवातीचे नटही पारशीच. पण नाटकं लिहून देणारे मुनशी मुसलमान किंवा हिंदू असत, गाणारे-वाजवणारे कुठूनही आलेले असत, आणि पुढे गुजरातेतल्या नायक-भोजक घराण्यांमधली पोरं स्त्रीभूमिका करायला या कंपन्यांमध्ये भरती झाली. एका आयरिश सैनिकाची मुलगी, मेरी फेंटन, कावसजी खटाव यांच्या कंपनीत उर्दू-गुजराती भूमिका करून गाजली. म्हणजे नाव एका समाजाचं आणि माणसं अठरापगड.

व्हिक्टोरिया मंडळी १८६८ साली स्थापन झाली ती मात्र मोठ्या आदर्शवादी हेतूने. कैखुसरू काबराजी हे तिचे संस्थापक. दादाभाई नौरोजींनी सुरू केलेल्या ‘रास्त गोफ्तार’ या पत्राचे ते संपादक होते. नाटकातून समाजाला वळण लागावं, शिकल्यासवरलेल्या लोकांनी रंगमंचावर यावं, भाषा शुद्ध असावी, अशी त्यांची भूमिका. कंपनीने इराणच्या जुन्या पराक्रमाच्या गोष्टी गुजरातीतून केल्या. पण थोड्याच काळात कारभार धंदेवाईक हातांत गेला. काबराजी बाहेर पडले आणि त्यांनी पुढे नाटक उत्तेजक मंडळी काढली. माझ्या मते ही फारकत झाली नसती तर व्हिक्टोरिया मंडळी मुंबईबाहेर फारशी पडलीच नसती. समाजसुधारणेला आपला समाज लागतो. तिकीट विकायला कुठलाही चालतो.

इथून पुढची गोष्ट समजायला नाटक कंपनीचं गणित समजून घ्यावं लागतं. ते अवघड नाही. कंपनीत चाळीस-पन्नास माणसं असली तर खेळ होवो न होवो, त्यांना दोन वेळचं जेवण आणि महिन्याचा पगार द्यावाच लागतो. एक नाटक बसवायला बराच वेळ आणि पैसा जातो: पडदे रंगवायचे, कपडे शिवायचे, चाली बांधायच्या, तालमी करायच्या. पण गावात नाटक बघणारे मोजकेच. तेच लोक तेच नाटक कितीदा बघणार? म्हणजे एकतर सतत नवीन नाटक बसवत राहायचं, नाहीतर तेच नाटक घेऊन नवे प्रेक्षक शोधायचे. दुसरी वाट स्वस्त. पहिल्या गावात पडद्यांचा खर्च निघाला की पुढच्या गावातली बारी बरीचशी नफ्याची. त्यात मुंबईत एकाच रस्त्यावर चार कंपन्या एकमेकींच्या उरावर बसलेल्या. दौरा हा हौसेचा मामला नव्हताच, पोटापाण्याचा होता.

या दौऱ्याला पहिली आडकाठी भाषेची. गुजराती नाटक मुंबईत आणि गुजरातेत चालेल; पुढे? १८७१ साली व्हिक्टोरिया मंडळीने एदलजी खोरी यांचं एक गुजराती नाटक उर्दूत करून घेतलं. ‘सोने के मोल की खुर्शीद’. भाषांतर बेहरामजी मर्झबान यांचं. गुजराती बोलणाऱ्या पारशी कंपनीने उर्दूकडे वळावं यात भाषाप्रेम शोधू नये. उर्दू, किंवा त्या वेळचे लोक जिला हिंदुस्तानी म्हणत ती, पेशावरपासून कलकत्त्यापर्यंत बाजारात समजायची. हैदराबादेत चालायची. फौजेत तीच बोलली जायची. एक नाटक त्या भाषेत बसवलं की सगळा देश तिकीटबारीत आला. लगेच १८७२ मध्ये कंपनीचे तेव्हाचे चालक दादी पटेल ती घेऊन हैदराबादला गेले, तिथले दिवाण सर सालारजंग यांच्या बोलावण्यावरून. पाठोपाठ कुंवरजी नाझर यांनी उत्तरेचा दौरा काढला.

रेल्वेचं वेळापत्रकही कंपनीच्या बाजूने होतं. मुंबईहून ठाण्याला पहिली गाडी सुटली १८५३ मध्ये, आणि मुंबई ते कलकत्ता सलग रूळ जुळले १८७० मध्ये. व्हिक्टोरिया मंडळीचं उर्दू आणि हा लोहमार्ग यांत एका वर्षाचं अंतर आहे. पूर्वी बैलगाडीवर एवढाले पडदे लादून कोण लखनौला जाणार होतं? आता मालाच्या डब्यात पेट्या टाकल्या की काम झालं. कलकत्त्याला पोचल्यावर पुढे बंदर होतंच, आणि तिथून रंगून, पेनांग, सिंगापूरच्या बोटी नेमाने सुटत. सुएझचा कालवाही १८६९ मध्ये खुला झाला होता, म्हणजे मुंबईहून लंडनला जायला आफ्रिकेला वळसा घालायला नको.

या वाटेवरच्या गावांची नावं नीट पाहिली की एक गोष्ट ध्यानात येते. रंगून, पेनांग, सिंगापूर, कोलंबो: सगळीकडे इंग्रजांचा झेंडा, रुपयाची ओळख, पारशी आणि गुजराती पेढ्या, हिंदी म्हणजे भारतातून गेलेले शिपाई, हमाल, दुकानदार. कंपनी ‘परदेशात’ जात होती असं आपण आज म्हणतो. त्यांच्या दृष्टीने ते साम्राज्याच्या बाजारपेठेतलं पुढचं दुकान होतं. पारशी व्यापाऱ्याचं पत्र आधी जायचं, जागा बघून ठेवली जायची, उतरायची सोय व्हायची. अपवाद मंडालेचा. १८८१ साली उत्तर ब्रह्मदेश अजून स्वतंत्र होता, म्हणून तिथला खेळ खऱ्या अर्थाने दुसऱ्या राजाच्या राज्यातला.

आता नाटकाकडे. हे लोक दाखवत होते तरी काय, की उर्दूचं अक्षर न कळणारा माणूसही मध्यरात्रीपर्यंत बसून राहायचा?

सगळ्यात जास्त पैसा मिळवून दिला ‘इंदर सभा’ने. हे मूळचं लखनौच्या अमानत यांचं, नवाब वाजिद अली शहाच्या काळातलं, १८५३ च्या आसपासचं गीतनाट्य. गोष्ट चार ओळींत सांगता येते. इंद्राच्या दरबारात पऱ्या नाचतात. त्यातली सब्ज परी पृथ्वीवरच्या राजपुत्र गुलफामवर भाळते आणि काळ्या देवाकडून, म्हणजे राक्षसाकडून, त्याला उचलून आणवते. इंद्राला कळतं, तो गुलफामला विहिरीत टाकतो आणि परीचे पंख कापून तिला हाकलतो. ती जोगीण होऊन रानोमाळ गात फिरते, तिचं गाणं इंद्राच्या कानावर येतं, तो खूश होऊन ‘माग काय हवं ते’ म्हणतो, आणि ती गुलफामला मागते. बस्स. बाकी सगळी गजल, ठुमरी, होरी, वसंत.

या गोष्टीचं वैशिष्ट्य म्हणजे ती ऐकली नाही, नुसती पाहिली तरी कळते. परी, राक्षस, राजा, विहीर, जोगीण. हिंदूला इंद्र ओळखीचा, मुसलमानाला परी आणि देव ओळखीचे, मलायातल्या माणसाला दोन्ही ओळखीचे, कारण तिथल्या जुन्या कथांमध्ये रामायणही आहे आणि अरबी-फारसी किस्सेही. दौऱ्यासाठी याहून सोयीचं नाटक मिळणं कठीण होतं.

त्यात रंगमंचाची करामत. साहेबाच्या नाट्यगृहात पाहिलेली चौकट, वर गुंडाळला जाणारा पडदा, खोल दिसणारी रंगवलेली दृश्यं, तारेवर उतरणाऱ्या पऱ्या, फळीतल्या चोरदारातून एकदम वर येणारा राक्षस. प्रत्येक नाटकाला वेगळे पडदे केले तर बोटीचं भाडं परवडणार नाही, म्हणून एक संच ठरलेला: राजवाडा, बाग, रस्ता, जंगल. कुठलंही नाटक या चार-सहा जागांमध्येच घडायचं. जंगलात सीता हिंडो की लैला, झाडं तीच.

आणखी एक युक्ती होती, ती समजली की त्या काळच्या नाटकांचा विचित्र वाटणारा बांधा उलगडतो. मागे मोठं दृश्य लावायला वेळ लागतो. तोवर पुढचा एक पडदा टाकायचा, रस्त्याचा, आणि त्याच्यापुढच्या चिंचोळ्या जागेत विनोदी पात्रं सोडायची. त्यांचा मूळ गोष्टीशी संबंध नसला तरी बिघडत नाही. मागे हातोड्याचे आवाज, पुढे हशा. पंडितांनी या ‘कॉमिक’वर पुष्कळ टीका केली आहे: गंभीर नाटकाच्या मध्येच ही थिल्लरगिरी कशाला? उत्तर साधं आहे, पडद्यामागे सुतार घाम गाळत होते. बालीवाला स्वतः विनोदी नट म्हणून नावाजलेले. कंपनीचा मालकच सुतारांना वेळ मिळवून द्यायला पुढे उभा राहत असेल तर तो भाग लहान कसा राहणार!

लंडनची फेरी मात्र अंगाशी आली. १८८५ च्या त्या खेपेत कंपनीला तोटा झाला. कारण शोधायला फार लांब जायला नको. मंडाले किंवा पेनांगच्या प्रेक्षकाला जो रंगवलेला पडदा आणि जी यांत्रिक करामत थक्क करायची, ती मूळ लंडनचीच. लंडनकराला ती रोज बघायला मिळत होती, तीही जास्त सफाईची. त्याला पूर्वेकडचं काहीतरी नवल हवं होतं, आणि यांनी त्याच्यापुढे त्याच्याच घरचा सरंजाम मांडला, न कळणाऱ्या भाषेत. पूर्वेच्या वाटेवर जागोजागी हिंदुस्तानी समजणारी वस्ती होती. लंडनमध्ये ती नावापुरती. तोटा खाऊन परत आल्यावरही बालीवालांनी कंपनी मोडली नाही. मुंबईत त्यांच्या नावाचं थिएटर उभं राहिलं आणि १९१३ मध्ये ते वारले तोवर कंपनीची घोडदौड चालू होती.

लंडनच्या फेरीत जी नाटकं होती त्यांत एक हरिश्चंद्राचं. या नाटकाने स्वतःच जो प्रवास केला तो कंपनीपेक्षाही मोठा आहे, म्हणून जरा विषय सोडून सांगतो. मूळ तमिळ नाटक. सिलोनच्या मुत्तु कुमारस्वामी यांनी त्याचं इंग्रजी भाषांतर केलं आणि ते १८६३ मध्ये लंडनला छापलं गेलं. ते वाचून रणछोडभाई उदयराम यांनी काबराजींच्या नव्या मंडळीसाठी गुजराती हरिश्चंद्र लिहिलं आणि १८७०च्या दशकात ते मुंबईत तुफान चाललं. मग व्हिक्टोरिया मंडळीसाठी विनायकप्रसाद ‘तालिब’ यांनी ते उर्दूत उतरवलं. म्हणजे लंडनच्या छापखान्यातून निघालेली गोष्ट गुजराती, मग उर्दू होऊन वीसेक वर्षांनी लंडनच्याच रंगमंचावर उभी राहिली. पुढे १९१३ मध्ये फाळके यांनी पहिल्या चित्रपटाला हाच विषय घेतला. प्रेक्षकांना हरिश्चंद्र पाठ होता. मूकपटाला याहून सोयीचं काय असणार?

आता कंपनी गेल्यावर उरलेल्या गोष्टींकडे वळू. सगळ्यात ठळक उदाहरण पेनांगचं.

१८७०च्या दशकात मुंबईच्या पारशी कंपन्या मलायात येऊ लागल्या. तिथले लोक त्या खेळाला ‘वायांग पारसी’ म्हणत. वायांग म्हणजे तिथे कुठलाही नाटकी खेळ. पेनांगमध्ये हिंदी मुसलमान बाप आणि मलय आई अशा घरांचा एक सुखवस्तू समाज होता. हिंदुस्तानी गाण्यांची गोडी त्यालाच आधी लागली. त्यातल्या मामक पुशी नावाच्या धनिकाने एका पारशी कंपनीचं सामानसुमान, पडदे आणि कपडे विकत घेतले आणि १८८५ मध्ये स्वतःची मंडळी काढली: पुशी इंदेरा बंगसावान. नावात इंद्र आहे, हे पाहा. या नाट्यप्रकारालाच पुढे बंगसावान म्हणू लागले, आणि आज मलेशियात ते परंपरागत नाट्य म्हणून सांभाळलं जातं.

पुशीने पडद्यांबरोबर धंद्याचं सूत्रही उचललं. नाटक उर्दूत ठेवलं असतं तर ते शिपाई आणि दुकानदारांपुरतं राहिलं असतं. त्याने मलय घेतली, जी त्या सगळ्या द्वीपसमूहात बाजाराची बोली होती. चिनी, तमिळ, अरब, जावानी, सगळ्यांना थोडीफार समजणारी. मुंबईत गुजरातीवरून उर्दूवर उडी मारताना जो हिशेब होता तोच. मग राजवाडा-बाग-रस्ता-जंगल हे पडदे आले, पेटी-तबला आला, आणि पुढच्या पडद्यासमोर वेळ काढण्याची ती युक्तीही. तिचं तिथे एक वेगळंच प्रकरण झालं. मलयात तिला इंग्रजी शब्दांत ‘एक्स्ट्रा टर्न’ म्हणत. दृश्य बदलेपर्यंत कुणीतरी येऊन गाणं म्हणायचं, नाचायचं, नकला करायच्या. काही प्रेक्षक नाटकापेक्षा या एक्स्ट्रा टर्नसाठीच तिकीट काढत. सुतारांच्या सोयीसाठी निघालेली पळवाट दुसऱ्या देशात मुख्य आकर्षण होऊन बसली.

बंगसावान मंडळ्याही फिरू लागल्या, सुमात्रा, जावा, बोर्निओपर्यंत. गोष्टी आणखी मिसळल्या: अरबी सुरस कथा, हिंदुस्तानी परीकथा, चिनी दंतकथा, शेक्सपिअर. १८९१ मध्ये जावातल्या सुराबाया बंदरात कोमेदी स्तंबुल नावाची मंडळी निघाली. तिचा प्रमुख ऑग्युस्त माहियू हा युरोपीय-आशियाई मिश्र घरातला, भांडवल चिनी व्यापाऱ्याचं, भाषा मलय, गोष्टी अलीबाबा आणि अल्लाउद्दिनच्या. ही मंडळी रेल्वेने जावाभर फिरली. ही काही मुंबईची कंपनी नव्हती. पण सगळ्यांना कळेल अशी भाषा, कुणाच्याच मालकीची नसलेली परीकथा, गुंडाळता येणारे पडदे आणि गाणी, हा जो साचा तिने घेतला त्याच्यावर मुंबईचा छाप ओळखू येतो.

सिलोनमध्ये उलटी गंमत झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या कंपन्या कोलंबोला येऊन गेल्या आणि सिंहली नाटककारांनी तो बाज उचलून ‘नूर्ती’ नावाचा प्रकार उभा केला. त्याआधीचं त्यांचं ‘नाडगम्’ उघड्यावर रात्रीमागून रात्री चालायचं. नूर्ती तिकीट लावून, चौकटीच्या रंगमंचावर, एका रात्रीत संपणारी. यातलं मोठं नाव जॉन डी सिल्व्हा, व्यवसायाने वकील. त्यांनी या साच्यात सिंहली राजांच्या ऐतिहासिक गोष्टी घातल्या आणि साहेबी चालीरीतींमागे धावणाऱ्या आपल्याच लोकांना फटके मारले. मुंबईत ज्या नाटकाने समाजसुधारणा टाकून धंदा पत्करला, तेच कोलंबोत जाऊन देशाभिमानाचं हत्यार झालं. संगीतासाठी डी सिल्व्हांनी भारतातून विश्वनाथ लाउजी या संगीतकाराला बोलावलं. लाउजींना सिंहली येत नव्हती. ते हिंदुस्तानी रागांवर चाली बांधत आणि डी सिल्व्हा त्यांवर शब्द बसवत.

१९०३ च्या ‘सिरिसंगबो’ नाटकातलं ‘दन्नो बुदुंगे’ हे त्यांचं पद आजही श्रीलंकेत घराघरात ठाऊक आहे, जवळजवळ राष्ट्रीय ठेव्यासारखं. २०१६ च्या स्वातंत्र्यदिनाच्या समारंभात किशानी जयसिंघे या गायिकेने ते पाश्चात्त्य ऑपेराच्या ढंगात गायलं, तेव्हा गदारोळ उठला: आमचं पवित्र गाणं विलायती केलं! त्यावर काहींनी आठवण करून दिली की ज्याला आपण अस्सल म्हणतो ती चालसुद्धा बाहेरून आलेल्या माणसाने बांधलेली आहे.

आपल्याकडेही याहून वेगळं घडलेलं नाही. १८८० साली पुण्यात पारशी कंपनीचा ‘इंदर सभा’चा खेळ अण्णासाहेब किर्लोस्करांनी पाहिला आणि असं नाटक मराठीत का असू नये, असं त्यांच्या मनाने घेतलं. ३१ ऑक्टोबर १८८० ला ‘संगीत शाकुंतल’ रंगमंचावर आलं. तोवर भाव्यांच्या पद्धतीच्या नाटकात पदं सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं त्यावर हावभाव करायची. किर्लोस्करांच्या नाटकात शकुंतला आणि दुष्यंत स्वतः गाऊ लागले. गोष्ट त्यांनी कालिदासाकडून घेतली, चाली कर्नाटकी, हिंदुस्तानी, लावणी-साकी-दिंडीच्या घेतल्या, त्यामुळे निघालेला पदार्थ पूर्णपणे मराठी झाला. इतका की संगीत नाटक म्हटलं की आपल्याला बालगंधर्व आठवतात, सब्ज परी आठवत नाही.

आणि मागे गेलो तर भाव्यांचंही तेच. १८४२ साली उत्तर कानड्यातली, करकी गावची भागवत मंडळी खेळ करत सांगलीला आली होती. सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांनी तो खेळ पाहिला आणि आपल्या पदरच्या विष्णुदासांना सांगितलं, असं काहीतरी मराठीत करा. त्यातून पुढच्या वर्षी ‘सीतास्वयंवर’ झालं. पुढे सांगलीच्या नमुन्यावर निघालेल्या मंडळ्या कर्नाटकात गेल्या, तिकडे कानडी कंपन्या निघाल्या. १८८० मध्ये धारवाडची एक मंडळी आंध्रात राजमहेंद्रीला गेली आणि तिचे खेळ पाहून कंदुकूरी वीरेशलिंगम् यांनी तेलुगूत नाटक उभं केलं. ज्या साली किर्लोस्करांनी पुण्यात पारशांकडून घेतलं, त्याच साली धारवाडकर राजमहेंद्रीला देऊन आले.

या सगळ्या उदाहरणांत फिरत्या कंपनीला शिष्य घडवायचे नव्हते. बालीवालांनी पेनांगला शिबिर घेतलं नाही की करकीकरांनी सांगलीत वर्ग. त्यांना पुढच्या गावची बोट किंवा गाडी गाठायची होती. पण महिनाभर रोज रात्री समोर चाललेला खेळ बघणाऱ्यांत एखादा पैसेवाला, एखादा वकील, एखादा मामलेदार कचेरीतला कारकून असतो, त्याला तो साचा कळतो आणि आपल्या भाषेत ओतावासा वाटतो. साचा जितका सुटसुटीत तितकं ते काम सोपं. मला वाटतं, पारशी नाटकावर जे दोष लादले जातात, म्हणजे ठोकळेबाज पात्रं, कुठेही बसणारे पडदे, वरवरची परीकथा, मध्येच येणारी गाणी, त्याच दोषांमुळे ते उचलून नेण्याजोगं झालं. मुंबईच्या पारशी घरातलं बारकाईने लिहिलेलं कौटुंबिक नाटक पेनांगला कुणी विकत घेतलं नसतं.

नाटक कंपन्यांची ही वाट पुढे सिनेमाने घेतली, आणि बऱ्याचदा माणसंही तीच होती. जमशेदजी फ्रामजी मादन हे मुळात नाटकवाले. त्यांनी एल्फिन्स्टन नाटक कंपनी घेतली, कलकत्त्यात बस्तान बसवलं, आणि त्याच जोरावर भारत, ब्रह्मदेश आणि सिलोनमध्ये चित्रपटगृहांची साखळी उभी केली. १९१७ मध्ये त्यांनीही हरिश्चंद्रच काढला. १९३१ चा पहिला हिंदी बोलपट ‘आलम आरा’ पारशी रंगभूमीवरच्या नाटकावरूनच घेतला होता. पुढच्याच वर्षी मादन थिएटर्सने ‘इंद्रसभा’ पडद्यावर आणला, त्यात सत्तरच्या आसपास गाणी होती. नाटकात ज्या जागा गाण्याच्या, त्या सिनेमातही गाण्याच्याच राहिल्या, आणि अजूनही आहेत.

सिंहलीतला पहिला बोलपट १९४७ सालचा. तो तिथल्या रंगभूमीवर गाजलेल्या नाटकावरून, तिथल्याच नटांना घेऊन दक्षिण भारतात तयार झाला. मलय भाषेतला पहिला बोलपट त्याही आधीचा, १९३० च्या दशकातल्या सुरुवातीच्या वर्षांतला, सिंगापूरला केलेला. दिग्दर्शक भारतातून गेलेले बी. एस. राजहंस, पैसा हिंदी शेटजींचा, नट-नट्या बंगसावानमधल्या, आणि विषय लैला-मजनू.